आधीचा फोटो खरा

मुकुंद कारखानीस माझ्या गाडीत पहिल्यांदा बसले आणि शारजाची हद्द ओलांडायच्या आत त्यांनी माझ्या सासऱ्यांना खोटं ठरवलं.

सासरे तेव्हा कैलास-मानसरोवराच्या यात्रेला गेले होते. म्हणजे तसं ते म्हणत होते. रोज सकाळी बर्फाच्या डोंगराचा एक फोटो यायचा, खाली 'ॐ नमः शिवाय'. मी तो कौतुकानं शेजारी बसलेल्या या नव्या माणसाला दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, अंगठ्यानं दोन-तीन ठिकाणी दाबलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे म्हणाले, "हा डोंगर स्वित्झर्लंडचा आहे. एका चॉकलेटवाल्याच्या कॅलेंडरवर आहे, मार्च महिन्यात. तुमचे सासरे सध्या मार्चमध्ये आहेत."

सासरे अलिबागला मित्राच्या वाडीवर पत्ते कुटत होते, हे पुढं सिद्ध झालं. त्यावरून आमच्या घरात जो गदारोळ झाला, त्याच्या आवाजानं वरच्या मजल्यावरच्या फिलिपिनो बायकांनी बिल्डिंगचा फायर अलार्म दाबला आणि सिव्हिल डिफेन्सचा बंब खाली येऊन उभा राहिला. माझी बायको म्हणते, असं काही झालं नव्हतं. पण ती त्या वेळी ओरडत होती, तिला कसं ऐकू येणार?

शारजात भाडं कमी म्हणून राहायचं आणि दुबईत नोकरी आहे म्हणून रोज तिकडं जायचं, असा आम्हा हजारोंचा संसार. मधल्या रस्त्यावरच्या जॅमबद्दल मी काही अतिशयोक्ती करणार नाही. एवढंच सांगतो की माझ्या ओळखीचा एक सोलापूरकर बायकोचं डोहाळजेवण आटोपून त्या जॅममध्ये शिरला, तो घरी पोचला थेट बारशाला. तर अशा रस्त्यावर मी कारलिफ्ट, म्हणजे महिन्याच्या पैशांवर गाडीत जागा, देत असे आणि कारखानीस माझी पुढची सीट. मी एसीच्या डक्टचा सेल्समन. थापा मारणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि शेजारी बसायला मिळाला हा माणूस! उंदराच्या टॅक्सीत मांजर प्रवासी.

आपण सगळे इंटरनेटवर शब्द टाकून फोटो शोधतो. कारखानीस उलटं करायचे. फोटो टाकायचे आणि त्याचा जन्मदाखला शोधायचे. हा फोटो जगात आधी कुठं कुठं दिसला, कुणी लावला, कधी लावला, सगळं समोर. दुबईतल्या एका इन्शुरन्स कंपनीत ते मोटार क्लेम तपासत, तिथं लागलेली ही सवय. लोक ठोकलेल्या गाड्यांचे फोटो पाठवून पैसे मागायचे आणि कारखानीस शोधून काढायचे की हाच चेपलेला दरवाजा दोन वर्षांपूर्वी जॉर्डनच्या एका भंगारवाल्याच्या पानावर आहे. ज्या वर्षी पावसानं शारजाच्या रस्त्यांवर होड्या चालल्या, त्या वर्षी तर त्यांच्याकडे बुडालेल्या गाड्यांचा पूर आला. एका महाभागानं पाठवलेल्या फोटोत गाडी छातीभर पाण्यात आणि मागं नारळाची बाग. "शारजात इतके नारळ कधी लावले?" कारखानीसांनी त्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "सर, इन्शाल्ला लवकरच लावतील."

त्यांचा नियम एकच होता आणि तो ते बोट वर करून सांगत. "आधीचा फोटो तो खरा. नंतर आलेला तो चोर. हे लक्षात ठेवा, जगात कुणी फसवणार नाही."

ऑफिसात हे ठीक होतं. पण माणूस घरी येताना ऑफिसचे बूट काढतो, सवय कोण काढतो? आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांचा 'आपली माणसं' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. होता म्हणजे आहे अजून, जोरात आहे. त्यात कारखानीस आले आणि ग्रुपची झोप उडाली. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी गणपतीत एकवीस उकडीच्या मोदकांचा फोटो टाकला. कळ्या अशा, की सोनारानं पाडाव्यात. 'आज पहाटे उठून केले' असं खाली. लोकांनी हात जोडले, फुलं उधळली. कारखानीसांनी खाली एक लिंक टाकली, नागपूरच्या कुठल्याशा केटररची, आणि लिहिलं, 'हे मोदक गेल्या वर्षीचे आहेत. खाऊ नयेत.'

त्यांच्या बायकोला, सुलभावहिनींना, तेव्हापासून हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. वहिनी त्यांच्यावर चिडायच्या. "अहो, कुणी तुम्हाला विचारलं होतं का?"

"फोटो टाकला म्हणजे विचारल्यासारखंच आहे," कारखानीस म्हणायचे. "नाहीतर टाकतात कशाला?"

त्यांचा स्वतःचा चेहरा असा, की फोटोत आला तर फोटो कंटाळावा. लांब नाक, शर्टाला दोन खिसे, दोन्ही खिशांत पेन, आणि हसताना फक्त डावा गाल हलायचा. चहा पिताना सुद्धा कपाच्या तळाशी कुठं बनलाय ते बघायचे. माझ्या मुलीनं एकदा त्यांना विचारलं, "अंकल, डू यू इव्हन लाइक एनी फोटो?" तर त्यांनी विचार करून सांगितलं, "पासपोर्टचा. त्यात कुणी सुंदर दिसायचा प्रयत्न करत नाही."

गंमत अशी की चारचौघांत त्यांना शिव्या देणारी हीच माणसं एकेकटी, गुपचूप त्यांच्याकडे फोटो पाठवत. मुलीला सांगून आलेल्या मुलाचा फोटो. शारजाला लागून असलेल्या अजमानात घ्यायच्या फ्लॅटच्या ब्रोशरमधला स्विमिंग पूल, जो मनिलाच्या एका हॉटेलात निघाला. नवऱ्याच्या 'ऑफिस ट्रिप'चा फोटो. तो कशात निघाला ते मी लिहीत नाही, कारण तो नवरा हे वाचेल आणि तो माझं गिऱ्हाईक आहे. आमच्या मजल्यावर नासिरभाई परकार होते, रत्नागिरीचे, दुबईच्या देरा मार्केटात मसाल्याचं दुकान. त्यांच्या मुलीला अबुधाबीचं स्थळ आलं. मुलगा पांढऱ्या लँड क्रूझरला टेकून उभा. कारखानीसांनी तीच गाडी, तोच नंबर, गाड्या भाड्यानं देणाऱ्याच्या पानावर दाखवली. नासिरभाईंनी लग्न मोडलं आणि हातभर लांबीची सुरमई घेऊन कारखानीसांच्या दारात आले.

"कारखानीससाहेब, तुम्ही माझी पोरगी वाचवलीत."

"मी काय केलं? गाडी आधीची होती, मुलगा नंतर आला."

"तरी पन घ्या ओ. मासा खरा हाय, हवं तर तपासा."

त्या दिवशी डावा गाल बराच वेळ हलत होता. मी आणि नासिरभाईंनी मिळून त्यांचं नाव ठेवलं उलटतपासनीस. त्यांना ते आवडलं. व्हिजिटिंग कार्डावर छापावं असा त्यांचा विचार होता, पण कंपनीचा एचआर केरळचा होता, त्याला उच्चार जमेना.

मी इतका वेळ तुम्हाला हसवतोय तो उगाच नाही. पुढं हसण्यासारखं फार नाही, म्हणून आधी उरकून घेतलं.

ग्रुपमध्ये शैलाताई होत्या. दुबईत ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेत मराठी-हिंदी शिकवणाऱ्या, राहायला शारजातच, आमच्या मागच्या गल्लीत. ग्रुपमध्ये जी थोडी माणसं फुलांचे फोटो न टाकता कामाचं बोलत, त्यांपैकी एक. एके दिवशी त्यांनी एक फोटो आणि एक आवाजाची क्लिप टाकली. फोटोत तिशीची एक बाई, निळा गणवेश, केस तेल लावून घट्ट बांधलेले, कॅमेऱ्याकडे बघून हसू की नको अशी उभी. शैलाताईंनी लिहिलं होतं, ही सुनंदा, बीड जिल्ह्यातली. माझ्या लातूरच्या बहिणीकडे कामाला येणाऱ्या मावशींची भाची. शाळेच्या कँटीनमध्ये नोकरी म्हणून एका दलालानं व्हिजिट व्हिसावर आणली आणि अजमानात एका फ्लॅटमध्ये कोंडून ठेवली आहे. फोन काढून घेतलाय. दुसऱ्या बाईच्या फोनवरून चोरून ही क्लिप पाठवलीय. पत्ता तिला माहीत नाही. आपल्यापैकी अजमानात कोण आहे? पोलिसात, वकिलातीत कुणाची ओळख आहे? उद्या आपण चार-पाच जण मिळून जाऊ या का?

क्लिप सगळ्यांनी ऐकली. "मावशे, मला हितून काढा. कुणालाबी सांगा, पन काढा." एवढंच. मागं कुठंतरी प्रेशर कुकरची शिट्टी.

ग्रुप असा गप्प झाला की काय सांगू. एरवी 'शुभ सकाळ' म्हटलं तर तीसजण उलट शुभ सकाळ म्हणणारे ते लोक. कुणी लिहिलं, 'इथं परक्याचा फोटो टाकणं गुन्हा आहे, शैलाताई, डिलीट करा.' कुणी लिहिलं, 'आपल्या व्हिसाचा प्रश्न येऊ शकतो.' एकानं लिहिलं, 'खूप वाईट वाटलं,' आणि रडणारा पिवळा चेहरा टाकला. चार-पाच जण मिळून जायचं होतं, त्यातला एकही जण सापडेना. मग अध्यक्षांनी लिहिलं, 'हल्ली असे मेसेज फार फिरतात. कारखानीस, जरा बघता का?'

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीत बसून, जॅम जिथं सगळ्यात घट्ट असतो त्या पुलाखाली, कारखानीसांनी ते बघितलं. फोटो टाकल्याबरोबर सापडला. घरकामाला बायका पुरवणाऱ्या एका जाहिरातीच्या पानावर, तोच निळा गणवेश, तेच केस. खाली नाव वेगळं, 'मेरी', राज्य वेगळं, अनुभव पाच वर्षे. आणि तारीख, शैलाताईंच्या मेसेजच्या बरीच आधीची.

"झालं," कारखानीस म्हणाले. "आधी मेरी आहे. सुनंदा नंतर आली. कुणीतरी या मेरीचा फोटो उचललाय."

मी म्हटलं, "आणि आवाज?"

त्यांनी काचेबाहेर बघितलं. शेजारच्या बसमध्ये माणसं काचेला डोकं टेकून झोपली होती. मग म्हणाले, "आवाजाचं मला कळत नाही. मी फोटोचा माणूस."

आणि त्यांनी ते एक काम केलं, जे आजवर कधी केलं नव्हतं. एरवी ते नुसती लिंक टाकत. या वेळी प्रकरण गंभीर आहे, लोक फसतील, असं वाटून त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, डावीकडे सुनंदा, उजवीकडे मेरी, आणि वर तिरपा, ठसठशीत लाल शिक्का मारला. 'बनावट'. क्लेम नाकारताना कंपनीत मारतात तसा. तो शिक्का बरोबर त्या बाईच्या तोंडावर आला.

ग्रुपला जो हुरूप आला तो मी जन्मात विसरणार नाही. टाळ्या, अंगठे, नमस्कार. मोदकवाल्या सौभाग्यवतींनीसुद्धा लिहिलं, 'कारखानीस भाऊजी, थँक्यू, वाचवलंत.' कुणाला वाचवलं, ते कुणी विचारलं नाही. एखादी गोष्ट खोटी निघाली की माणसाला किती हलकं वाटतं! काही करावं लागत नाही, आणि शहाणपण फुकट मिळतं. आणि ज्या माणसांना आदल्या दिवशी फोटो पुढं पाठवणं गुन्हा वाटत होता, त्यांनी तो शिक्क्याचा फोटो 'जनजागृती' म्हणून भारतात आपापल्या सगळ्या ग्रुपांवर धाडला. पुण्यात गेला, नाशकात गेला, बीडला गेला. ती बाई अजमानच्या फ्लॅटमधून दारापर्यंत जाऊ शकत नव्हती. तिचा शिक्का मारलेला चेहरा मात्र सगळा महाराष्ट्र हिंडून आला.

शैलाताईंनी 'सॉरी' लिहून मूळ मेसेज काढून टाकला. बिचाऱ्या मास्तरीणबाई. पुराव्यापुढं बोलायचं नाही हे त्या वर्गात शिकवतात.

पुढं काय झालं ते आम्हाला कळलं त्याला काही आठवडे गेले. सुनंदा स्वतःच बाहेर पडली. पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या बाटल्या घेऊन माणूस आला, दार उघडलं, बाटली आत ठेवायला तो वाकला आणि ही त्याच्या पाठीमागून अनवाणी जिना उतरली. खाली मल्याळी माणसाचं किराणा दुकान होतं, त्यानं काही न विचारता स्वतःचा फोन पुढं केला. तिनं मावशीचा नंबर पाठ ठेवला होता. मावशीनं लातूरहून शैलाताईंना फोन केला आणि शैलाताई शाळेतून तशाच, हाताला खडू, टॅक्सी करून गेल्या. पोलीस, वकिलात, सगळं रीतसर झालं. परत जायचे कागद होईपर्यंत ती शैलाताईंच्या घरी राहणार होती.

शैलाताईंनी ग्रुपवर फक्त एक ओळ टाकली. 'सुनंदा खरी आहे. माझ्या स्वयंपाकघरात बसली आहे.'

मी कारखानीसांना घेऊन गेलो, कारण ते म्हणाले, एकट्यानं जाववत नाही. शैलाताईंच्या हॉलमध्ये ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. फोटोतली तीच, पण निम्मी. एका मनगटावर भाजल्याची खूण, ती पदरानं झाकत होती.

कारखानीस उभेच राहिले. म्हणाले, "तो तुमचा फोटो... जाहिरातीतला..."

"माझाच हाय की," ती म्हणाली. "आले त्याच दिवशी काढला दलालानं. नवा डरेस दिला, उभी ऱ्हा म्हणला. मला बी पाठवला. म्या घरी धाडला हौसेनं, बघा, नोकरी लागली म्हणून. तेवढा एकच फोटो होता माझा हितला. मागनं मावशीनं त्योच लावला."

मला वाटतं, त्या क्षणी कारखानीसांना सगळं एकदम दिसलं. दलालानं तिचा फोटो आधी लावला होता, नाव बदलून. तिच्या माणसांनी नंतर लावला, खऱ्या नावानं. आणि आमच्या नियमानं दलाल खरा ठरला आणि ती चोर. स्वतःच्याच चेहऱ्याची चोर.

"मी तो शिक्का मारला होता," ते म्हणाले. "लाल."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मला वाटलं होतं आता शिव्या देईल, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, दे बाई. पण तिला वेगळीच घाई होती.

"तुमी काढला व्हय त्यो? मग तुमालाच पुसता येईल. सायेब, तेवढं करा. माझ्या मालकानं बघितला त्यो फोटू. म्हणतोय, तिकडं नाव बदलून ऱ्हाती, दुसरा धंदा करती. माझी पोरगी घेऊन आईकडं गेलाय. फोन उचलत न्हाई. मला कायबी नको. तेवढं पुसून द्या, मंजी पोरगी तरी बोलंल."

कारखानीस म्हणाले, "पुसतो."

असं म्हणायला नको होतं. पण समोर बसलेल्या माणसाला कोण काय दुसरं म्हणेल?

सुनंदा गेली आपल्या गावाकडं. आणि आमच्या मंडळानं काय करावं? विमानतळावर तिला निरोप द्यायला अध्यक्ष, खजिनदार, सौभाग्यवती, सगळे हजर, पुष्पगुच्छासह. चार-पाच जण मिळून अजमानला जायला मिळाले नव्हते, फोटोला मिळाले. तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहून काढलेला फोटो ग्रुपवर आला, 'आपल्या मंडळाच्या प्रयत्नांना यश'. शैलाताई त्यात नव्हत्या, शाळेत मुलांचा पेपर होता. आणि त्याच संध्याकाळी ग्रुपच्या अ‍ॅडमिननं कारखानीसांना काढून टाकलं. कारण दिलं, 'अपुऱ्या माहितीवर एखाद्या स्त्रीची बदनामी.' त्याखाली टाळ्या, अंगठे, नमस्कार. तेच हात, तेच अंगठे.

नासिरभाई तेवढे एकटे लिहून बसले, 'पुढं तर सर्वांनीच पाठवला होता ना?' त्याखाली कुणीतरी गुलाबाचं फूल टाकून 'शुभ रात्री' लिहिलं.

त्यानंतरचे कारखानीस वेगळे. माझ्या शेजारी बसून रोज शोधायचे, पण आता एकच फोटो, तो त्यांचाच. शिक्क्याचा. तो एक इथून काढला की तिथं दोन उगवायचे. कुठल्याशा पानावर मथळा, 'परदेशात नाव बदलून राहणाऱ्या महिलेचा भांडाफोड'. कुठं त्यावर गाणं लावलेलं. ते प्रत्येकाला लिहायचे, 'हा फोटो मी तयार केला आहे. त्यातली माहिती खोटी आहे. कृपया काढावा.' बहुतेक जण उत्तरच देत नसत. एकानं दिलं. कारखानीसांनी ते मला वाचून दाखवलं, डावा गाल जरासा हलला. "हा म्हणतो, 'तुम्हीच तयार केला याचा पुरावा द्या.'"

मी म्हटलं, "खलास. सोडून द्या आता. इंटरनेट म्हणजे समुद्र आहे."

"समुद्र नाही," ते म्हणाले. "मी जिथं जातो तिथं माझाच शिक्का आधी येतो. आधी, कळलं का?"

सुनंदाचा नवरा शैलाताईंनाही दाद देईना. "शहरातल्या बायका एकमेकींना सांभाळून घेतात," म्हणाला. त्याला पटवायचं तर तो शिक्का मारणाराच पाहिजे होता. हे कारखानीसांना कुणी सुचवलं नाही, त्यांचं त्यांनाच सुचलं. वार्षिक रजा टाकली. सुलभावहिनींना वाटलं, घरी डोंबिवलीला चाललेत, त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या काढून ठेवल्या. हे म्हणाले, बीडला चाललोय. वहिनी म्हणाल्या, "तिथं आपलं कोण आहे?" ते म्हणाले, "तिथं माझं काम आहे."

शारजाच्या विमानतळावर मीच सोडलं. हातात एक छोटी बॅग, दोन खिसे, दोन पेनं. मी नेहमीसारखं काहीतरी पांचट बोललो, म्हटलं, "गावात उतरताना ओळखीचा पुरावा दाखवा, नाहीतर तुम्हालाच बनावट म्हणतील." ते हसले नाहीत. म्हणाले, "फोनवर सांगितलं तर खोटं वाटतं हो. समोर उभं राहिलं म्हणजे माणूस बघतो तरी."

पुढच्या आठवड्यात मी जॅममध्ये एकटा होतो, पुढची सीट रिकामी, आणि 'आपली माणसं'वर एक व्हिडिओ आला. शैलाताईंच्या बहिणीला गावाकडून कुणीतरी पाठवला होता, तिच्याकडून आमच्यापर्यंत. मी उघडायच्या आत खाली पहिलं उत्तर आलेलं होतं, अध्यक्षांचं. 'हा एआय वाटतोय. कुणीतरी कारखानीसांकडून चेक करून घ्या.' त्यावर तीन अंगठे. मंडळी खरंच विसरली होती, की त्यांनी त्यांना काढून टाकलंय.

व्हिडिओ ग्रामपंचायतीसमोरचा. ओट्यावर लग्नातला असतो तसा कर्णा आणि माईक. कारखानीस उभे, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. समोर पंधरा-वीस माणसं, काही उकिडवी, काही बायका भिंतीला टेकून. खांबाजवळ सुनंदा. मागं रस्त्यावर एक जण मोटरसायकलवर, सुनंदाचा नवराच असणार, पुढं टाकीवर सहा-सात वर्षांची मुलगी. गाडी चालूच, आताच निघणार अशी.

माईक किंचाळला. मग कारखानीसांचा आवाज, क्लेम नाकारताना असतो तसाच सपाट.

"माझं नाव मुकुंद कारखानीस. तो शिक्का मी मारला. या बाईंनी नाव बदललेलं नाही. नाव दलालानं बदललं. मी दलालाचं खरं धरलं आणि यांचं खोटं. यांच्या आवाजाची क्लिप माझ्याकडे होती, ती मी तपासली नाही. ती ऐकायची होती, ते मी केलं नाही. या खऱ्या आहेत. खोटं मी बोललो."

मोटरसायकलवरच्या माणसानं इंजिन बंद केलं.

बंद केलं, हे मी व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा पाहिलं. फटफट थांबते. मुलगी मान वळवून खांबाकडं बघते. सुनंदा एक पाऊल पुढं टाकते. गोष्ट इतकी जवळ आली होती.

आणि मग समोरच्यांपैकी एकानं फोन वर केला. त्याचं बघून दुसऱ्यानं. आजकाल हात आपसूक वर जातात. बघता बघता सगळ्या गर्दीचे फोन उभे, काही कारखानीसांवर, काही खांबाकडं, काही मोटरसायकलकडं वळलेले. "हीच का ती?" कुणीतरी म्हणालं, ते व्हिडिओत स्पष्ट आलं. सुनंदानं पदर डोक्यावरून खाली, पार हनुवटीपर्यंत ओढला. मागं किक मारल्याचा आवाज.

कारखानीसांनी माईक खाली टाकला. ओट्यावरून उडी मारली, या वयात, आणि ते तिच्या आणि फोनांच्या मध्ये हात पसरून उभे राहिले. "फोटो नका काढू! ऐका नुसतं! ऐका!" माणसं हसताहेत. ते एकेका फोनपुढं हात धरत येतात, हा झाकला की तो वर, तो झाकला की हा. शेवटी ते ज्याच्या फोनवर हे सगळं टिपलं जात होतं त्याच्यासमोर येतात. क्षणभर तो लांब नाकाचा चेहरा अगदी जवळ दिसतो, चष्मा एका कानावर लोंबकळतोय. मग त्यांचा तळवा मोठा मोठा होत जातो आणि सगळं काळं होतं.

व्हिडिओ तिथं संपत नाही. काळ्यात अजून थोडा वेळ चालू राहतो, आणि त्यात फक्त मोटरसायकल लांब जाताना ऐकू येते.